थरथरणारं स्टिअरिंग आणि आमची एट हंड्रेड

"मेकॅनिकलला आहेस ना तू? मग सांग बघू, आपली गाडी ऐंशीला का थरथरते?"

दिवाळीच्या सुट्टीत घरी पोचल्यावर, चहा व्हायच्या आधीच बाबांनी हा प्रश्न टाकला. तीन वर्षं फी भरल्यावर माणूस एवढं विचारणारच. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. थिअरी ऑफ मशीन्समध्ये बॅलन्सिंगचा हमखास येणारा प्रश्न मी व्यवस्थित सोडवला होता, फोर्स पॉलिगॉनसुद्धा स्केलमध्ये काढला होता. पण त्या पॉलिगॉनचा आणि आमच्या गेटच्या आत उभ्या असलेल्या गाडीचा काही संबंध असेल असं कधी डोक्यातच आलं नाही. हा लेख बाबांच्या त्या प्रश्नाच्या उत्तराबद्दल आहे. मी आधी त्यांना जे अर्धवट उत्तर दिलं त्याबद्दलही आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा कुठे शब्द अडखळला तर संपादकांनी आणि वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

आधी गाडीची ओळख. २००४ सालची मारुती ८००, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठी. हे मॉडेल १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलं आणि २०१४च्या जानेवारीत बंद झालं, पण त्याचे पार्ट अजून तालुक्याच्या दुकानातही मिळतात. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम आणि बारा इंची छोटी चाकं. बाबा महिन्यातून एकदा आजीला डोळे तपासायला साताऱ्याहून पुण्याला आणतात. जायचे शंभर-सव्वाशे किलोमीटर, यायचे तेवढेच. बाकी महिनाभर गाडी उभी. हे "उभी असणं" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी घरी जायच्या आधी गाडीवर उपचार झालेच होते. दोनदा अलाइनमेंट, मग दोन्ही टाय रॉड एंड नवे. मिळून साडेतीन हजारांच्या पुढे खर्च आणि ऐंशीची थरथर होती तशीच. शेवटी मिस्त्रींनी निकाल दिला, "साहेब, गाडी म्हातारी झाली, आता काढून टाका." बाबांनी जवळजवळ ठरवलंही होतं. गाडी गेली असती तर आजीला एसटीने यावं लागलं असतं. तिला दिसतं कमी, आणि स्वारगेटला उतरून तिथली गर्दी म्हणजे विचारायलाच नको.

मी पुस्तकं उघडली, सिनिअर्सना फोन केले. सगळ्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट कळली. गाडी थरथरते म्हटल्यावर "काय बिघडलंय" हे लगेच विचारायचं नसतं, "केव्हा थरथरते" हे आधी विचारायचं. ठरावीक वेगालाच का? ब्रेक मारल्यावरच का? ॲक्सिलरेटर दाबल्यावर का? वळताना का? गाडी उभी असतानाही का? आणि थरथर हाताला जाणवते की बुडाखाली? डॉक्टर ताप केव्हा येतो हे विचारतात, थंडी वाजून येतो का विचारतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आणि बाबा हायवेला लागलो. आजीही उठून तयार बसली होती, "मलाबी न्या" म्हणून. ती मागच्या सीटवर. साठला काही नाही. सत्तरला स्टिअरिंगवर मुंग्या आल्यासारखं. ऐंशी ते पंचाऐंशीच्या मध्ये स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की बाबांच्या हातातलं घड्याळ खुळखुळलं. मला आश्चर्य वाटलं ते पुढे. पंच्याण्णवला थरथर चक्क कमी झाली!

मग आम्ही एकेक गोष्ट वगळत गेलो. रस्ता मोकळा बघून पंचाऐंशीला बाबांनी गाडी न्यूट्रल केली. इंजिन एकदम आयडलवर आलं, थरथर मात्र तशीच. म्हणजे इंजिन, क्लच, इंजिनची फाउंडेशनं (माउंटिंगला गॅरेजमध्ये हाच शब्द आहे) यांचा संबंध नाही. इंजिनचा दोष असता तर तो इंजिनच्या आरपीएमबरोबर बदलला असता, गाडीच्या वेगाबरोबर नाही. मग हलका ब्रेक लावला. थरथर वाढली नाही, म्हणजे डिस्क ठीक. ॲक्सिलरेटर सोडला-दाबला, फरक नाही, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट ठीक. उरली चाकं. आणि थरथर सीटपेक्षा स्टिअरिंगला जास्त, म्हणून पुढची चाकं. पेट्रोलव्यतिरिक्त एक रुपया खर्च न करता आम्ही अर्धी गाडी निर्दोष सोडली होती.

परत येताना आजी म्हणाली, "हळू चालली की गाडी लंगडतीया." मी ऐकलं आणि सोडून दिलं. का सोडून दिलं ते नंतर सांगते.

आता थोडं गणित. घाबरू नका, अकरावीचंच आहे. आमच्या गाडीच्या टायरवर १४५/७० आर १२ असं लिहिलेलं आहे. रुंदी १४५ मिमी, उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १२ इंच. यावरून चाकाचा व्यास येतो साधारण ५०८ मिमी आणि परीघ १.६ मीटर. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तेव्हा चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. मी मोबाइल डॅशबोर्डवर चिकटवून त्याच्या ॲक्सिलरोमीटरचं रीडिंग घेतलं तर ऐंशीला मोठं शिखर बरोबर चौदाच्या आसपास आलं. चाकाच्या एका फेऱ्याला एक धक्का. कुठल्यातरी चाकात एका जागी काहीतरी जास्तीचं आहे, असा याचा सरळ अर्थ.

समजा रिमच्या कडेला ३० ग्रॅम जास्त आहेत. ३० ग्रॅम म्हणजे काय, रिकाम्या खिशात पाच-सहा नाणी. रिमची त्रिज्या १५ सेंमी धरा आणि एमआर ओमेगा स्क्वेअर करा. ऐंशीला ३५ न्यूटन येतात, म्हणजे साडेतीन किलोचं वजन सेकंदाला चौदा वेळा चाकाला ओढतंय. तेच ताशी ४० ला फक्त ९ न्यूटन. वेग दुप्पट, बळ चौपट. म्हणूनच बॅलन्सिंगचा दोष गावात फिरताना कळत नाही, हायवेलाच कळतो. हे जास्तीचं वजन चाकाच्या मधोमध असेल तर चाक वर-खाली उडतं. आतल्या किंवा बाहेरच्या कडेला असेल तर चाक डावी-उजवीकडे झुलायला बघतं, आणि तेच झुलणं रॅकमधून थेट आपल्या हातात येतं.

पण मग पंच्याण्णवला कमी का झालं? वर्गाच्या नियमाने तर वाढायला हवं. इथे रेझोनन्स येतो. (मराठीत याला अनुनाद म्हणतात हे मला हा लेख लिहितानाच कळलं. छान शब्द आहे.) पुढची चाकं, रॉड, रॅक, स्टिअरिंग, रबराचे बुश हे सगळं मिळून एक स्प्रिंग आणि वजनाची जोडी आहे, आणि तिची स्वतःची एक लय आहे. लहान गाड्यांमध्ये ती चाकाच्या हायवेवरच्या फेऱ्यांच्या आसपासच येते. झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकललं तर बोटभर जोरानेही तो उंच जातो, भलत्याच लयीत ढकललं तर जोर वाया. आमच्या गाडीचा झोपाळा ऐंशी-पंचाऐंशीला बरोबर लयीत सापडत होता. म्हणून "एका वेगाला थरथरते, पुढे गेलं की कमी होते" हे वर्णन ऐकलं की आधी बॅलन्सिंगवर संशय घ्यावा.

याच कारणाने अलाइनमेंटवर दोनदा घातलेले पैसे बुडले. अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते. टो बिघडला तर गाडी एका बाजूला ओढेल, टायर एका कडेने झिजेल, स्टिअरिंग सरळ रस्त्यावर तिरकं राहील. पण तो कोन चाक फिरताना बदलत नाही ना! पहिल्या फेऱ्याला जेवढा, तेवढाच शंभराव्या फेऱ्याला. सेकंदाला चौदा धक्के द्यायला फेऱ्यागणिक बदलणारं काहीतरी लागतं. बिघडलेल्या अलाइनमेंटने पुढे टायर वेडंवाकडं झिजेल आणि मग थरथर येईल हे खरं, पण ते नंतरचं. टाय रॉड एंडचंही तसंच. ढिला जॉइंट स्वतः धक्का तयार करत नाही, आलेला धक्का अडवत नाही एवढंच. घुंगरू आपलं आपण वाजत नाही, पाय हलला की वाजतं. तरी ढिला टाय रॉड एंड बदलायलाच हवा. तो निसटला तर चाक स्टिअरिंगचं ऐकणारच नाही. मिस्त्रींनी तो बदलला यात चूक नव्हती, फक्त थरथरीचं औषध ते नव्हतं.

हायवेवरून आल्यावर गाडी जॅकवर घेऊनही बघितली. ही तपासणी कुणालाही जमेल. हँडब्रेक ओढा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून विटा लावा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली अजिबात जाऊ नका. उचललेलं चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी दोन हातांनी धरून हलवा. खटखट लागली तर टाय रॉड किंवा रॅक. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. इथे खटखट लागली तर खालचा बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. दोघांतलं कोण हे कसं ओळखायचं? दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खटखट बंद झाली तर बेअरिंग, कारण ब्रेक लागला की चाक आणि हब जखडले जातात. तरीही राहिली तर बॉल जॉइंट. हे मला आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर फिटर अण्णांनी शिकवलं. "बाळा, हाताला कळतं ते मशीनला कळायला वेळ लागतो," असं ते म्हणाले. तेव्हा मला हे जरा जुनाट वाटलं होतं.

आमच्या गाडीला कुठे खटखट नव्हती. मग टायरच्या दुकानात गेलो. पुढचं डावं चाक मशीनवर चढवलं तर ४५ ग्रॅम दाखवलं. रिमच्या आतल्या बाजूला पावसाळ्यातला चिखल वाळून पापुद्रा झाला होता. तो पोराने स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला, पुन्हा फिरवलं, आता २५. शिवाय रिमवर जुन्या वजनाची खूण होती पण वजन नव्हतं. बाबांना आठवलं, जूनमध्ये त्याच चाकाचं पंक्चर काढलं होतं. पंक्चरवाल्याने टायर रिमवर परत बसवलं ते वेगळ्या जागी, आणि वजन कुठेतरी उडालं. थरथर त्यानंतरच सुरू झाली होती! एवढी साधी गोष्ट, आणि "ही थरथर सुरू कधी झाली हो?" हे बाबांना कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

चारही चाकं मशीनवर शून्यावर आणली. दुकानदार म्हणाला, "मागचे टायर पुढे टाकू का? नक्षी जास्त शिल्लक आहे." आम्ही म्हटलं टाका. हायवेला चक्कर मारली. ऐंशी, नव्वद, शंभर. स्टिअरिंग तुपासारखं. बाबा काही बोलले नाहीत, पण येताना मला न विचारता कंदी पेढे घेतले. मी म्हटलं, "झालं बाबा. आता बिनधास्त चालवा."

तीन आठवड्यांनी मी हॉस्टेलवर जर्नल पूर्ण करत असताना बाबांचा फोन. शिरवळच्या अलीकडून. गाडीत आजी. "अगं, ऐंशीला मस्त चालते, पण टोलनाक्यापाशी हळू केली की स्टिअरिंग आपोआप डावी-उजवीकडे डोलतं. हात सोडला तरी डोलतं. मागच्या खेपेपेक्षा वाढलंय."

मला आजी आठवली. हळू चालली की लंगडतीया.

त्या वेळी मी ते सोडून का दिलं, ते आता सांगते. माझ्याकडे सुंदर सूत्र होतं ना! बळ वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, तर ताशी वीसला ते ऐंशीच्या सोळावा हिस्सा. एवढ्याशा बळाने गाडी लंगडेलच कशी? आजीला भास होत असणार. सूत्र बरोबर होतं, पण ते बॅलन्सिंगचं सूत्र होतं. आजी सांगत होती तो दोष वजनाचा नव्हता, आकाराचा होता. चाकाला टेंगूळ असेल तर ते वीसलाही तेवढंच उंच आणि ऐंशीलाही तेवढंच. ताशी वीसला चाक सेकंदाला साडेतीन वेळा फिरतं, तेव्हा ते लंगडणं मोजता येतं, एक-दोन-तीन. वेग वाढला की त्याची नुसती घरघर होते आणि रस्त्याच्या आवाजात ती हरवून जाते. बॅलन्सिंगच्या बरोबर उलट. वेग वाढल्यावर येतं ते बहुतेक वजन, हळू चालताना जास्त कळतं तो बहुतेक आकार.

आणि बॅलन्सिंग मशीनने हे का सांगितलं नाही? कारण साधं मशीन चाक हवेत फिरवतं. ते वजन कुठे जास्त आहे ते बघतं. चाक गोल आहे की नाही हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. अंड्यालासुद्धा योग्य जागी शिसं लावलं तर ते मशीनवर शून्य दाखवेल, रस्त्यावर मात्र ते अंडंच. दुकानात मी आकड्याकडे बघत उभी होते. फिरणाऱ्या टायरकडे बघितलं असतं तर कदाचित दिसलं असतं.

मी फोनवर सांगितलं, "बाबा, गाडी बाजूला घ्या. हायवेच्या कडेला नाही, एखाद्या हॉटेलच्या आवारात. आजीला उतरवा. पुढची चाकं पूर्ण वळवून टायरच्या आतल्या बाजूला हात फिरवा." ते म्हणाले थांब. पाच मिनिटांनी आवाज बदललेला होता. उजव्या टायरच्या आतल्या खांद्यावर अर्ध्या लिंबाएवढा फुगा.

दिवाळीपर्यंत हे टायर मागे होतं, म्हणून ते मागच्या सीटला जाणवत होतं, आजीला जाणवत होतं. आम्ही ते पुढे आणलं, मग ते स्टिअरिंगला जाणवायला लागलं. तो फुगा घेऊन बाबा "बिनधास्त" साताऱ्याहून शिरवळपर्यंत आले होते, मध्ये खंबाटकी ओलांडून, माझ्या शब्दावर.

रेडिअल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. रबर म्हातारं झालं की पट्टा आणि रबर यांच्यातली पकड सुटायला लागते, मध्ये पोकळी होते आणि तिथे टायर वर येतं. ही पोकळी वाढत जाते. उन्हात, भरल्या गाडीत, वेगात टायर तापलं की नक्षीचा सगळा थरच सोलून निघू शकतो किंवा टायर फुटतं. पुढचं फुटलं तर गाडी हातात राहणं अवघड.

नक्षी शिल्लक असताना टायर म्हातारं कसं? हाच तो "उभी असणं" वाला मुद्दा. गाडी कमी चालते, म्हणून नक्षी झिजत नाही, म्हणून टायर बदलायचं सुचत नाही. रबर मात्र हवेतल्या ऑक्सिजनने आणि उन्हाने उभ्या उभ्या कडक होतच असतं. टायरच्या बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. आमच्या त्या टायरवर होतं २३१५, म्हणजे २०१५चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावं आणि नक्षी असली तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नये, असं अनेक टायर कंपन्याच सांगतात. स्टेपनीचे आकडे तर बाबांनी वाचून दाखवले तेव्हा दोघेही गप्प झालो. ती गाडीसोबतच जन्मलेली होती. ती लावून तीसच्या वेगाने शिरवळमधल्या टायरच्या दुकानापर्यंत जाण्याशिवाय इलाज नव्हता. आजी रिक्षाने मागून आली.

उभ्या गाडीबद्दल अजून एक. महिनाभर एका जागी उभी राहिली की टायर जमिनीला टेकतं तिथे थोडं चपटं होतं, आणि निघाल्यावर पहिले काही किलोमीटर गाडी धपधप करते. टायर गरम झालं की हे आपोआप जातं. जात असेल तर घाबरायचं कारण नाही. जात नसेल तर मात्र टायर बघा.

घरच्या घरी आकार तपासायला डायल गेज लागत नाही. चाक जॅकवर घ्या, शेजारी विटेवर विट रचून त्यावर पेन्सिल टेकवा, टोक टायरपासून दोन मिलिमीटरवर. चाक हाताने सावकाश फिरवा. फट कमी-जास्त होते का बघा, आधी नक्षीवर, मग बाजूच्या भिंतीवर, मग रिमच्या कडेवर. रिमवरच फरक दिसला तर रिम आउट आहे, खड्ड्यात आपटलेली. रिम सरळ आणि टायरवर फरक, तर टायर. आणि कुठलं चाक ते कळतच नसेल तर पुढची-मागची चाकं अदलाबदल करा. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली की चोर चाकात आहे. नाही गेली तर चोर गाडीतच आहे.

हे प्रकरण मेसमध्ये सांगितल्यापासून माझ्याकडे पेशंट यायला लागले आहेत. माझ्या रूममेटच्या घरची गाडी फक्त ब्रेक मारल्यावर थरथरते, पेडलही पायाखाली धडधडतं. ही पुढच्या डिस्कची तक्रार. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती जागोजागी कमी-जास्त जाड झालेली असते, फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा, पण पॅडला तेवढा पुरतो. नवी डिस्क बसवताना हबवरचा गंज घासला नाही किंवा नट समोरासमोरचे न आवळता एका बाजूने करकचून आवळले, तर नवी डिस्कही काही हजार किलोमीटरमध्ये तशीच होते. वर्गातल्या एकाची गाडी चढावर जोर दिला की अंग झटकते आणि ॲक्सिलरेटर सोडला की शांत. तिथे ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट बघायचा. पूर्ण वळण घेताना कट-कट वाजत असेल तर बाहेरचा, आणि त्याचं रबरी बूट बहुतेक फाटलेलं सापडेल. उभ्या गाडीत सिग्नलला सगळंच थरथरत असेल तर चाकांकडे बघूच नका. तीनपैकी एक सिलिंडर मारत नसेल किंवा फाउंडेशन बसलं असेल.

एक प्रकार मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळा. आमच्या हॉस्टेलच्या वॉचमनकाकांचे भाऊ गावाकडे वडापची जुनी जीप चालवतात. तिला पुढे सलग ॲक्सल आणि पाटे. पन्नासच्या आसपास एका चाकाला खड्डा लागला की दोन्ही पुढची चाकं फडफडायला लागतात आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थांबत नाहीत. याला शिमी म्हणतात. वर मी म्हटलं की ढिलाई स्वतः धक्का तयार करत नाही. इथे ते वाक्य पूर्ण लागू होत नाही. सलग ॲक्सलमुळे एका चाकाचं झुलणं दुसऱ्याला पोचतं, किंगपिन आणि रॉड ढिले असले की ते झुलणं रस्त्याकडूनच जोर घेत राहतं, आणि चुकलेला कॅस्टरही त्यात भर घालतो. अशा वेळी करकचून ब्रेक मारू नये. स्टिअरिंग घट्ट धरावं, ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडी सावकाश थांबवावी. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "भाऊ बी ह्येच करतो, पर का करतो त्ये त्याला ठावं न्हाई."

बाबांनी पाचही टायर नवे घेतले, स्टेपनीसकट. गाडी अजून आहे, परवाच आजीला घेऊन आली होती. मी तिला म्हटलं, "आजी, तुझं बरोबर होतं." ती म्हणाली, "मग! मागं मी बसती, तुझं पुस्तक न्हाई बसत."

ते २३१५चं टायर मी शिरवळहून मागवून घेतलं आणि वर्कशॉपच्या सरांच्या परवानगीने पॉवर हॅकसॉवर आडवं कापलं. पट्टा सुटलेली जागा उघडी दिसते, करंगळी आत जाते. मशीन शॉपच्या मागच्या रॅकवर, खालच्या कप्प्यात ठेवलंय. बघायचं असेल तर दुपारी चारनंतर या, आणि हात सांभाळा. कापलेल्या तारा बोटात घुसतात.